नाकातून घालायची नळी



नवीन जालन्यातील माझ्या टेबलावर दर आठवड्याला आपली पत्रे येऊन पडतात. बहुतेक पत्रे ताप, खोकला, गुडघेदुखी, लेकरांचे जंत यांविषयीची असतात. या आठवड्यात मात्र घनसावंगी तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आणि बाकीची पत्रे मी बाजूला ठेवली. अक्षर मुलाचे आहे, शब्द आईचे आहेत. नाव-गाव न देता त्यातला मजकूर सांगतो.

"डॉक्टरसाहेब, आमच्या मालकांचे वय ४४. वीस वर्षांपासून तंबाखू आणि पुडी. आता उजव्या गालाच्या आत गाठ आली आहे आणि तोंड उघडत नाही. भाकरी दुधात कुस्करून देते. मोठ्या दवाखान्यात दाखवले, त्यांनी ऑपरेशन सांगितले. भूल देताना नाकातून नळी घालावी लागेल म्हणाले. शेजारच्या गावातल्या एकाला अशीच नळी घालताना नाकातून फार रक्त गेले, असे ऐकले. तेव्हापासून मालक म्हणतात, ऑपरेशन नको, आहे तसेच राहू द्या. सोयाबीन काढणीला आले आहे, ते एक निमित्त मिळाले. आम्ही काय करावे?"

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी एका वाक्यात देतो आणि मग सविस्तर सांगतो. ऑपरेशन पुढे ढकलू नका. सोयाबीन भाऊबंद काढतील, गालातली गाठ मात्र कोणासाठी थांबत नाही. तुमच्या मालकांची भीती अगदीच खोटी आहे असेही मी म्हणणार नाही. नाकातून नळी घालताना जे काही बिघडते, त्यात सर्वांत जास्त वेळा घडणारी गोष्ट म्हणजे नाकातून रक्त येणे हीच आहे. बहुतेक वेळा ते थोडे येते आणि आपोआप थांबते. क्वचित जास्त येते. ते येऊच नये, आले तर थोडक्यात आटोपावे, यासाठी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बरेच काही करता येते. तुम्हा घरच्यांनाही करता येते. आजचा मजकूर त्याविषयीच आहे.

नळी कशासाठी?

पूर्ण भूल दिली की माणूस गाढ झोपतो. त्याचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते आणि श्वासाचा मार्ग बंद होऊ शकतो. ठसका लागण्याची शक्तीही राहत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत एक मऊ प्लॅस्टिकची नळी घालतात. तिच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. नळी जागेवर बसली की तो फुगवतात, म्हणजे प्राणवायू फुफ्फुसात नीट जातो आणि वरून रक्त किंवा थुंकी खाली उतरत नाही. पोटाच्या किंवा मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनात ही नळी तोंडातून घालतात. ते सोपे आणि लवकर होणारे काम आहे.

पण ज्या ऑपरेशनात तोंडातच काम करायचे आहे, तिथे तोंडातली नळी शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाताआड येते. गालाची गाठ, जिभेची गाठ, मोटारसायकलवरून पडून मोडलेला जबडा, ही सारी अशीच ऑपरेशने. जबडा मोडला असेल तर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसवून तारेने बांधावे लागतात. मध्ये नळी असेल तर दात मिटणार कसे? म्हणून नळी नाकातून नेतात.

तुमच्या मालकांच्या बाबतीत दुसरेही कारण आहे. त्यांचे तोंडच उघडत नाही. सुपारी आणि पुडी वर्षानुवर्षे चघळली की गालाच्या आतली मऊ कातडी निबर होत जाते, पांढरी पडते, दोरखंडासारखे ताठ पट्टे तयार होतात आणि जबडा आखडतो. वाचकहो, एक परीक्षा घरीच करून पाहा. स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. निरोगी माणसाच्या तोंडात ती सहज जातात. दोनच जात असतील तर सावध व्हा. एकच जात असेल तर उद्याच डॉक्टरांकडे जा. ज्याच्या तोंडात एक बोट मुश्किलीने जाते, त्याच्या तोंडातून नळी घालणे फार अवघड होऊन बसते, आणि मग नाकाचीच वाट उरते.

ही वाट सापडली कशी?

आपला जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मची भूल किती सुरक्षित आहे हे तपासण्यासाठी दोन आयोग बसले होते. सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने ते काम झाले आणि खर्च निजाम सरकारने केला. त्याच शहरात रूपाबाई फर्दूनजी नावाच्या पारशी बाई रुग्णांना क्लोरोफॉर्म देत असत. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव घेतात. त्या काळी भूल म्हणजे रुमालावर किंवा जाळीवर औषधाचे थेंब टाकून ते नाकातोंडासमोर धरणे. तोंडाचे ऑपरेशन असले की एकाच जागेसाठी शस्त्रक्रिया करणारा आणि भूल देणारा यांची ओढाताण व्हायची.

तोड निघाली ती पहिल्या महायुद्धानंतर. बंदुकीच्या गोळ्यांनी आणि बॉम्बच्या तुकड्यांनी चेहरे फाटलेले शेकडो सैनिक इंग्लंडमध्ये सिडकप गावच्या रुग्णालयात आणले जात. हॅरल्ड गिलीज हे शस्त्रक्रिया करायचे आणि आयव्हन मॅगिल व स्टॅनले रोबोथम हे दोघे भूल द्यायचे. ज्याला जबडाच धड नाही, त्याच्या तोंडावर मुखवटा बसवायचा कुठे? या दोघांनी रबराची नळी नाकातून श्वासनलिकेत नेण्याची रीत बसवली. नळीचे टोक घशात पकडून पुढे सरकवण्यासाठी मॅगिल यांनी १९२० साली जो वाकडा चिमटा पुढे आणला, तो आजही आपल्याकडच्या शस्त्रक्रियागृहांत त्यांच्याच नावाने मागतात.

पुढे १९६७ साली लंडनमध्ये पीटर मर्फी यांनी काचेच्या तंतूंची लवचीक दुर्बीण नाकातून घालून, डोळ्यांना दिसेल अशा रीतीने नळी बसवली. काचेच्या तंतूंतून प्रकाश आणि चित्र नेण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी हे आपले शास्त्रज्ञ होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तुमच्या मालकांसारख्या, तोंड न उघडणाऱ्या रुग्णाला बहुधा अशीच दुर्बीण वापरतील.

नाकातून रक्त का येते?

आपल्याला वाटते, नाकपुडीतून वर कपाळाकडे बोळ जातो. तसे नाही. नाकपुडीच्या आत शिरले की खरी वाट सरळ मागे जाते, टाळूला समांतर, घराच्या जमिनीसारखी. या जमिनीवर बाजूच्या भिंतीतून मांसल पन्हाळी लोंबत असतात. सर्वांत खालची पन्हाळ आणि जमीन यांच्यामधली फट ही नळीची सुरक्षित वाट. नळी वरच्या दिशेने गेली की त्या पन्हाळींना धडकते.

मधला पडदा दोन्ही नाकपुड्यांना वेगळे करतो. त्याच्या अगदी पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि त्यावरची त्वचा फार पातळ असते. उन्हाळ्यात आपल्या मराठवाड्यात लेकरांचा घोळणा फुटतो तो बहुतेक याच जागी. कोरडी हवा, खपली, नाकात बोट घालण्याची सवय, एवढेही त्याला पुरते. तिथून ताठ नळी घासत गेली तर रक्त येणारच.

मागच्या बाजूला आणखी एक अवघड वळण आहे. नाकाची वाट संपते तिथे ती एकदम खाली घशात उतरते. ताठ नळीचे टोक तिथे समोरच्या भिंतीत रुतू शकते. कोणी जोर लावला तर ते त्वचेखालीही शिरू शकते.

थोडे रक्त आले तर एवढे बिघडते काय, असे कोणी विचारील. ज्याचे तोंड उघडते, त्याचे रक्त ओढून काढता येते आणि दुसऱ्या रीतीने नळी घालता येते. ज्याचे तोंडच उघडत नाही, त्याच्या घशात रक्त साचले की दुर्बिणीच्या काचेवर ते बसते आणि पुढचे काही दिसेनासे होते. अशा वेळी श्वासाचा मार्ग सापडणे जिवावरचे काम होते. म्हणून या रुग्णांत नाकाला जपणे म्हणजे जीव जपणे आहे.

डॉक्टर काय काळजी घेतात?

पहिले काम, बरी नाकपुडी निवडणे. मधला पडदा सरळ असलेली माणसे थोडीच. बहुतेकांचा एका बाजूला झुकलेला असतो. ज्या बाजूने श्वास मोकळा, ती बाजू घेतात. दोन्ही सारख्या असतील तर उजवी घेण्याकडे कल असतो, कारण उजवीकडून रक्त कमी येते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. दुर्बीण हाताशी असेल तर आत डोकावून पाहणे सर्वांत उत्तम.

दुसरे काम, नाकात थेंब घालणे. सर्दीने चोंदलेले नाक मोकळे करायला झायलोमेटॅझोलिनसारखे थेंब मिळतात. ते रक्तवाहिन्या आकसवतात. नाकातली सूज उतरते, वाट रुंद होते आणि खरचटले तरी रक्त कमी येते. औषधाला काम करायला काही मिनिटे द्यावी लागतात. थेंब घातले आणि लगेच नळी सरकवली तर उपयोग होत नाही.

तिसरे काम, नळी कोमट करणे. हे तुम्हा शेतकऱ्यांना सांगायलाच नको. मोसंबीच्या बागेत ठिबकची नळी जोडणीवर बसत नसली की तुम्ही काय करता? तिचे टोक गरम पाण्यात बुडवता. ती मऊ पडते आणि न फाटता बसते. भूलतज्ज्ञही तेच करतात. निर्जंतुक सलाइन साधारण ४० ते ४५ अंशांपर्यंत कोमट करून त्यात नळी काही मिनिटे ठेवतात. मऊ झालेली नळी नाकाच्या वळणाप्रमाणे वळते, भिंतीत रुतत नाही. रक्त येण्याचे प्रमाण यामुळे घटते, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. मात्र फार मऊ झाली तर दुमडते, म्हणून तेही बेतानेच करायचे. लक्षात घ्या, यासाठी लागते काय, तर कोमट सलाइन आणि थोडा वेळ. तालुक्याच्या ठिकाणीही हे होऊ शकते.

चौथे काम, नळी लहान मापाची घेणे. मोठ्या माणसाला तोंडातून साडेसात-आठ मिलिमीटरची नळी घालतात, तर नाकातून सहा ते सातची. तिला वंगणाची जेली लावायची आणि टोकाजवळच्या फुग्यातली हवा पूर्ण काढून टाकायची, म्हणजे त्याच्या घड्या आत घासत नाहीत.

पाचवे काम, टोकाला टोपी घालणे. नळीचे टोक तिरपे कापलेले असते आणि त्याची कड बोचते. काही डॉक्टर एक मऊ लाल रबरी नळी या टोकावर चढवतात. मऊ रबर आधी पुढे जाते, मागून नळी येते. दोन्ही घशात पोहोचल्या की रबर तोंडातून काढून घेतात. तोंड उघडत नसेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे दुर्बीण आधी आत नेतात आणि नळी तिच्यावरून, दोरावरून मणी सरकवावा तशी, खाली सोडतात.

आणि सहावे काम सर्वांत मोठे. जोर लावायचा नाही. अडले तर थांबायचे, नळी हलकेच फिरवून पाहायची, तरीही अडली तर लहान माप किंवा दुसरी नाकपुडी. वेसण घालताना घाई करणाऱ्याच्या हातून बैलाचे नाक फाटते, हे आपल्याकडे कोणीही सांगेल.

गालाच्या कर्करोगाचे ऑपरेशन कित्येक तास चालते. तेवढा वेळ नळी नाकपुडीच्या कडेला वर ओढून धरली, तर ती कड दबून काळी पडते आणि तिथे जखम होते. त्यासाठी कपाळाकडे आपोआप वळणारी, घडवूनच वाकवलेली नळी मिळते. रिंग, अडेअर आणि एल्विन या तिघांनी ती १९७५ साली पुढे आणली. साधी नळी असेल तर खाली मऊ पट्टी ठेवून ती सैल बांधतात आणि मधूनमधून नाकपुडी पाहतात.

माझ्याकडून घडलेली चूक

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो. माझ्या उमेदीच्या काळात एका रुग्णालयात जबडा मोडलेला एक गृहस्थ आला होता. बैलगाडीवरून पडला होता. मी त्याचे हृदय तपासले, छाती तपासली, रक्तदाब पाहिला. कधी घोळणा फुटतो का, हे विचारले नाही. नळी नाकातून जेमतेम आत गेली आणि रक्ताची धार लागली. नळी तिथेच ठेवली, रक्त ओढत राहिलो, ऑपरेशन त्या दिवशी रद्द केले. सुदैवाने त्याचे तोंड उघडत होते, म्हणून निभावले. तीन दिवसांनी ते काम पार पडले.

दुसऱ्या दिवशी त्याची म्हातारी आई म्हणाली, "दादा, त्याचं नाक लहानपणापासून फुटतं. तपकीर ओढतो ना दिवसभर." मी विचारले, "मावशी, आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, "जबडा मोडला होता, बाबा. नाकाचं कोण विचारतंय?"

खरेच होते तिचे. विचारायला हवे होते ते मी. तेव्हापासून एकही रुग्ण नाकाची चौकशी केल्याशिवाय मी टेबलावर घेतला नाही. पण सगळेच डॉक्टर सगळ्या दिवशी विचारतीलच असे नाही. गर्दी असते, घाई असते. म्हणून आज मी हा मजकूर तुमच्यासाठी लिहितो आहे. त्यांनी विचारले नाही, तरी तुम्ही सांगा.

घरच्यांनी काय सांगावे, काय करावे?

भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आधी रुग्णाला भेटतात. त्या वेळी पुढील गोष्टी आपणहून सांगाव्यात.

१. घोळणा फुटतो का, कोणत्या बाजूचा, शेवटचा कधी फुटला.

२. नाकाला कधी मार लागला आहे का, नाकाचे हाड वाकडे आहे का, नाकाचे ऑपरेशन झाले आहे का, नाकात मांस वाढले आहे असे कोणी सांगितले आहे का.

३. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का. हृदयाच्या किंवा अर्धांगवायूच्या रुग्णांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा गोळ्या देतात. गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. मात्र त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. कोणती थांबवायची आणि कधी, हे डॉक्टर ठरवतील.

४. तपकीर, मिश्री, विडी, तंबाखू, पुडी यांतले काय आणि किती. इथे लाज धरू नये. आपल्या बाया मिश्री लावतात आणि विचारले की नाही म्हणतात. भूल देणाऱ्यापासून लपवलेली गोष्ट टेबलावर उघडी पडते.

५. दात काढताना, बाळंतपणात किंवा किरकोळ जखमेतही रक्त लवकर थांबले नाही, असे रुग्णाला किंवा घराण्यात कोणाला झाले आहे का.

६. रक्तदाब आहे का. नाकात घालायचे थेंब किती द्यायचे ते त्यावरही अवलंबून असते.

७. सर्दी-पडसे झाले आहे का. नाक लाल आणि सुजलेले असताना ते लवकर फुटते.

घरी करण्यासारखी एक साधी परीक्षा आहे. चकचकीत स्टीलची थंड ताटली नाकाखाली आडवी धरा आणि तोंड मिटून श्वास सोडायला सांगा. ताटलीवर वाफेचे दोन ठिपके उमटतील. मोठा ठिपका ज्या बाजूला, ती नाकपुडी मोकळी. पण एकदाच पाहून भागत नाही. आपल्या नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीने कमी-जास्त मोकळ्या होत असतात. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाहावे. दर वेळी एकच बाजू लहान दिसली तर ते डॉक्टरांना सांगावे.

ऑपरेशन ठरले की त्या दिवसापासून तपकीर, पुडी, विडी पूर्ण बंद. नाकात बोट घालू नये, खपली ओढू नये. नाक फार कोरडे पडत असेल तर सलाइनचे थेंब घालावेत. नाक मोकळे करणारे औषधी थेंब मात्र आपल्या मनाने दिवसेंदिवस घालू नयेत. सवय लागली की नाक उलट जास्त चोंदते.

नाकाची वाट केव्हा टाळतात?

अपघातात डोक्याला जबर मार लागून कवटीचा तळ मोडला असेल, तर नाकातून नळी घालण्याचे टाळतात. अपघातानंतर नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ द्रव गळत असेल, दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे झाले असेल, तर ते डॉक्टरांच्या ध्यानी आणून द्यावे. नाकात मोठे मांस वाढलेले असेल, रक्त न गोठण्याचा आजार असेल, तिथेही दुसरी वाट शोधतात. हनुवटीखाली छोटा छेद घेऊन तिथून नळी बाहेर काढण्याची एक रीत आहे. स्पेनचे शस्त्रवैद्य हर्नांदेझ अल्तेमीर यांनी ती १९८६ साली मांडली. फारच अवघड प्रसंगी गळ्याला पुढून छिद्र पाडून नळी बसवतात. डॉक्टरांनी असे काही सुचवले तर घाबरून जाऊ नये. नाकाची वाट धोक्याची आहे हे त्यांनी ओळखले, एवढाच त्याचा अर्थ.

ऑपरेशननंतर

तोंडाच्या मोठ्या ऑपरेशननंतर सूज असते, म्हणून नळी कधी कधी रात्रभर नाकातच ठेवतात. नातेवाइकांनी तिला हात लावू नये आणि रुग्णाचा हात तिच्याकडे जात असेल तर नर्सला सांगावे. नळी काढताना थोडे रक्त येऊ शकते. त्यानंतर आठवडाभर जोराने नाक शिंकरू नये, उशी उंच घ्यावी, वाकून ओझे उचलू नये.

घरी आल्यावर घोळणा फुटलाच तर रुग्णाला आडवे करू नये आणि मान मागे टाकू देऊ नये. मान मागे टाकली की रक्त घशात उतरते आणि किती गेले ते कळत नाही. ताठ बसवून किंचित पुढे वाकवावे, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांनी दहा मिनिटे सलग दाबून धरावा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. मध्येच सोडून पाहू नये. ज्याचे तोंड नीट उघडत नाही किंवा दात तारेने बांधले आहेत, त्याला यातही दवाखान्यात नेण्याची तयारी ठेवूनच बसावे. पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबले नाही, घशातून रक्त उतरत राहिले, रक्ताची उलटी झाली, तर ताबडतोब निघावे. काही दिवसांनी गाल दुखू लागला, नाकातून घाण वासाचा स्राव आला, ताप आला किंवा एक नाकपुडी कायमची चोंदली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

शेवटी, ताई, तुमच्यासाठी

तुमच्या मालकांना हे सारे वाचून दाखवा. त्यांना सांगा, शेजारच्या गावात रक्त गेले हे खरे असेल, पण तो माणूस आज काय करतो तेही विचारून या. या भीतीपायी ऑपरेशन टाळले तर नाक वाचेल आणि माणूस जाईल. भूलतज्ज्ञांना भेटायला जाताना वरची सात उत्तरे मुलाकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद त्यांच्या हातात द्या. "डॉक्टरसाहेब, नाकाला जपा" एवढे म्हणालात तरी चालेल. चांगल्या डॉक्टराला त्याचा राग येत नाही.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असू द्या. आपल्यापासून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि २०२४ पासून जालन्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पूर्वीसारखे मुंबईच गाठावी लागते असे नाही.

आणि एक काम तुम्ही आजच करा. ज्या मुलाने तुमचे पत्र लिहिले, त्याला समोर बसवा आणि त्याच्या तोंडात त्याचीच तीन बोटे घालायला सांगा. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे गावातल्या पोरांना ठाऊक असते. बोटे सहज गेली तर देवाचे आभार माना आणि बापाच्या पुडीचे काय झाले ते त्याला दाखवा. नाही गेली, तर बापाबरोबर लेकालाही दवाखान्यात घेऊन जा.

ऑपरेशन झाल्यावर खुशाली कळवा. मी वाट पाहतो.